निवडणुकीतला खोटा आवाज, आईची वही आणि नक्कल करायचा हक्क

रामबागकर

मंडळी, नमस्कार. आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर (मिरवणूक) होऊन गेली, राजवाड्यासमोरच्या फरशीच्या फटींत अजून गुलाल आहे, आणि आमच्या घरात चार दिवस एकच वाद पेटलाय. इथे वकीलही आहेत, नाटकवालेही आहेत, म्हणून मांडतो.

सुरुवात २०२३ पासून. १७ नोव्हेंबरला आपल्याकडे मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान होतं. त्याआधी एक क्लिप फिरत होती. ‘कौन बनेगा करोडपती’चा सेट, खुर्चीत अमिताभ बच्चन, आणि प्रश्न तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांची टर उडवणारा. आमच्या सियागंजातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आली, तिथून घरच्या ग्रुपवर गेली आणि आईच्या फोनवर पोचली.

आई हा कार्यक्रम चुकवत नाही. दुकानाच्या एका जुन्या, लाल कापडी बांधणीच्या वहीत ती रोजचे प्रश्न तारखेसकट लिहून ठेवते. तिने क्लिप ऐकली, मग फोन कानाला लावून पुन्हा ऐकली. मला म्हणाली, “थांब.” चष्मा आणला, वही आणली, बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत बसली. भाजी गॅसवर तशीच. वीस मिनिटांनी म्हणाली, “हा प्रश्न आलेलाच नाही. आवाज त्यांचाच आहे, पण ते असं बोललेले नाहीत.” वाहिनीनेही नंतर क्लिप बनावट असल्याचं सांगितलं.

माझा धाकटा भाऊ मात्र पोट धरून हसत होता. “अगं आई, विनोद आहे तो!” त्यावर आई म्हणाली, “विनोद आहे तर स्वतःच्या तोंडाने करावा. दुसऱ्याचं तोंड कशाला लावतात?”

आता २० फेब्रुवारी २०२६ पासून केंद्राचे नवे आयटी नियम लागू झालेत. एआयने बनवलेल्या चित्राला, आवाजाला स्पष्ट लेबल हवं, आणि कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला की समाजमाध्यम कंपनीने ३ तासांत मजकूर काढायचा. आधी त्यासाठी ३६ तास होते. भाऊ म्हणतो ही गळचेपी आहे. मला वाटतं कायदा हवाच. आईने वही काढली म्हणून आमच्या घरात ते खोटं थांबलं. ज्या घरात वही नाही त्यांनी काय करायचं?

पण एका गोष्टीवर माझं अडतं. तीच क्लिप, तेच घर. भावाच्या कानाला विनोद, आईच्या कानाला खोटी साक्ष. कायद्याने कोणाच्या कानाने ऐकायचं?

---

पलासिया_ते_सॅनहोजे

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आमच्याकडे कॅलिफोर्नियात शब्दशः कोर्टात गेला होता.

जुलै २०२४ मध्ये क्रिस्टोफर कोल्स नावाच्या युट्यूबरने कमला हॅरिस यांच्या प्रचाराच्या जाहिरातीचं विडंबन केलं. त्यांचाच आवाज एआयने बनवून त्यात त्यांच्याच तोंडी त्यांची निंदा घातली. त्याने स्वतः ‘विडंबन’ असं लिहिलं होतं. इलॉन मस्क यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवताना ते लिहिलं नाही. गव्हर्नर न्यूसम म्हणाले की असं करणं बेकायदा असायला हवं, आणि १७ सप्टेंबरला त्यांनी या विषयावरच्या कायद्यांवर सह्या केल्या. कोल्स त्याच दिवशी कोर्टात.

एक कायदा व्हिडिओ बनवणाऱ्यावर आणि पसरवणाऱ्यावर होता, एबी २८३९. निवडणुकीच्या आधी १२० दिवस फसवा राजकीय मजकूर चालणार नाही. विडंबन चालेल, पण त्यावर ‘फेरफार केलेलं’ अशी पाटी हवी, आणि पाटीची अक्षरं व्हिडिओतल्या सगळ्यात मोठ्या अक्षरांएवढी हवीत. कोल्सचं म्हणणं होतं की एवढी पाटी लावली तर पडदाच भरून जातो, व्हिडिओ कुठे दिसणार? न्यायाधीश जॉन मेंडेझ यांना ते पटलं. २ ऑक्टोबरला त्यांनी जवळजवळ पूर्ण कायद्याला स्थगिती दिली. नश्तराचं काम हा कायदा हातोड्याने करू पाहतो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरला. दुसरा, एबी २६५५, ‘हा मजकूर काढा’ असं मोठ्या कंपन्यांना सांगणारा होता. तोही त्याच महिन्यात गेला, पण वेगळ्या कारणाने. लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर टाकायची नाही असं तिथल्या जुन्या केंद्रीय कायद्याचं कलम २३० सांगतं, त्याच्याशी तो टकरत होता.

मी त्या वेळी कायद्याच्या बाजूने होतो. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना बायडेन यांच्या बनावट आवाजात फोन गेले होते की प्राथमिक फेरीत मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. पण तो फोन आणि कोल्सचा व्हिडिओ एकाच दोरीने बांधायचे का, हे मला निकाल वाचेपर्यंत सुचलंच नव्हतं.

---

ग्वाल्हेरची_लेक

माझा अनुभव लिहिते. नावं लिहिणार नाही.

२०२२ च्या नगर निगम निवडणुकीत माझी नणंद पार्षदपदाला उभी होती. मतदानाच्या आदल्या रात्री साडेदहाला एक ऑडिओ वार्डात फिरला. तिचाच आवाज, एका वस्तीतल्या लोकांबद्दल अतिशय घाण बोलतेय. तिची एका सभेची आणि एका घरगुती फोनची वाक्यं तोडून जोडली होती. एआय नव्हतं त्यात, कुणाच्या तरी लॅपटॉपवर तासाभराचं काम.

रात्री बारा वाजता आम्ही पाच बायका त्या वस्तीत गेलो. दारं वाजवली. एका आजींनी दार उघडलं, नणंदेकडे पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतलं. ती कडी लागल्याचा आवाज अजून कानात आहे. तक्रार करायला गेलो तर सकाळी या म्हणाले. सकाळी मतदान होतं.

ती हरली. क्लिपमुळेच हरली असं मी म्हणणार नाही, फरक बराच होता. पण चार वर्षं झाली, ती त्या गल्लीतून जात नाही. अभिव्यक्ती स्वातंत्र्याबद्दल बोलणाऱ्यांनी हेही बघावं. आणि दादा, तुमचा नवा नियम एआयच्या मजकुरासाठी आहे ना? म्हणजे माझ्या नणंदेला त्याचा काय उपयोग?

---

ॲड_मेधा_इंदूर

ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण खरी मेख तिथेच आहे.

तुमच्या नणंदेसाठी कायदा तेव्हाही होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) मध्ये उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं हा भ्रष्ट आचार आहे. तो लोकसभा-विधानसभेसाठी, पण पालिकांच्या निवडणुकांनाही त्यांचे नियम असतात. फौजदारीत निवडणुकीसंबंधी खोट्या विधानाचं कलम जुन्या दंड संहितेत होतं, न्याय संहितेत ते १७५ झालं. मानहानी आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवलं तर आयटी कायद्याचं ६६ड आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. नव्हता तो वेळ. विधानसभेची निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात टाकायची असते, आणि निवडणूक चालू असताना कोर्टाने मध्ये पडू नये असं घटनेचं कलम ३२९(ब) सांगतं. म्हणजे रात्री साडेदहाच्या खोट्याला कोर्टाचं दार पुढच्या महिन्यात उघडतं.

या पोकळीत सरकारं शिरतात. ‘कोर्ट उशीर करतं, मग आम्ही ठरवतो काय खोटं ते.’ इथेच मी थांबते.

एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल काय ‘खोटं, बनावट किंवा दिशाभूल करणारं’ आहे ते सरकारचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार, आणि त्याने बोट दाखवल्यावरही कंपनीने मजकूर ठेवला तर तिचं कायदेशीर संरक्षण धोक्यात. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर मुंबई हायकोर्टात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द केला, न्या. नीला गोखले यांनी वैध ठरवला. मार्चमध्ये केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे दोन न्यायाधीशांना एकच नियम पूर्ण उलटा दिसला. रामबागकर काका, तुमच्या घरात जे झालं तेच.

घटनेच्या १९(२) मध्ये भाषणावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिली आहेत. देशाची एकात्मता, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, मानहानी, कोर्टाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी, परराष्ट्रांशी मैत्री. ‘खोटं आहे’ एवढंच कारण त्या यादीत नाही. खोट्याने यांपैकी कशाला धक्का लागतो, ते दाखवावं लागतं. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टात आयटी कायद्याचं ६६अ कलम गेलं ते याच धर्तीवर. ते प्रकरण पेटलं होतं पालघरच्या दोन मुलींच्या अटकेवरून, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टमुळे. त्या कलमातल्या ‘त्रासदायक’ या शब्दात कोणालाही बसवता येत होतं. आता ‘दिशाभूल करणारं’ या शब्दातही बसवता येतं.

---

सुरेश_राजेंद्रनगर

मेधाताईंनी लिहिलं त्यावर माझं थोडं.

मी पंचवीस वर्षं गणेशोत्सवात नकला करतो. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने सुचवलं की काका, या वेळी एआयवर आवाज बनवू. एका नेत्याच्या आवाजात गणपतीला पत्र. ‘हे विघ्नहर्त्या, पुलाची तारीख तू जाहीर कर, मी सांगितलेली लोक मानत नाहीत.’ एवढंच. सुरुवातीला पाच सेकंद काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ही नक्कल आहे’ अशी पाटी. मांडवात लोक खूप हसले. नेत्यांच्या पक्षाचे दोघं पहिल्या रांगेत होते, तेही हसले.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाटी कापून चाळीस सेकंदांचा तुकडा फिरवला, खाली हिंदीत, ‘नेताजी का असली बयान’. मला एका ठाण्यातून फोन आला. गेलो. साडेतीन तास बाकावर बसवलं. फोन घेतला, सगळे फोटो पाहिले, नातीच्या बारशाचेसुद्धा. लिहून घेतलं आणि सोडलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, खोटं बोलणार नाही. पण पुढच्या वर्षी मंडळाने कार्यक्रमपत्रिकेतून नकलाच काढून टाकल्या. माझ्याकडे बघून कोणी बोललं नाही, पत्रिका छापून आली तेव्हा मला कळलं.

लेबल लावणाऱ्याने लावलं होतं. कापणाऱ्याने कापलं. पकडला कोण गेला?

---

रामबागकर

सुरेशराव, ही गोष्ट तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या वर्षी मी मांडवात होतो, आईसुद्धा होती. आम्हाला वाटलं तब्येतीमुळे बंद केलंत.

---

खान_नदीकाठ

माझं मत सरळ आहे. निवडणुकीच्या काळात एआयचा राजकीय मजकूर पूर्ण बंद करा. दोन महिने नक्कल नाही झाली तर काय बिघडतं? महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ ला मतदानाच्या आदल्या दिवशी बिटकॉइनच्या पैशांबद्दल ऑडिओ फिरले. सुप्रिया सुळे म्हणाल्या आवाज माझा नाही, तक्रार केली. पण मतदान दुसऱ्या दिवशी उरकलं. अशा वेळी विडंबनाचा हक्क मोठा की मतदाराचा?

---

ॲड_मेधा_इंदूर

@खान_नदीकाठ, दादा, त्या दोन महिन्यांतच नक्कल हवी असते. निवडणूक नसताना नेत्याची टर उडवून कोणाचं मत बदलणार?

आणि पूर्ण बंदी घातली तर पक्षांचाही मजकूर जातो हे लक्षात घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीत मनोज तिवारी यांचा हरियाणवीत बोलणारा व्हिडिओ त्यांच्याच पक्षाने एआयने बनवून वाटला होता. त्यात कोणाची बदनामी नव्हती, पण ते हरियाणवीत बोललेच नव्हते. खोटं म्हणायचं की भाषांतर?

नवा नियम मी पूर्ण वाईट म्हणत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात चित्राचा किमान १० टक्के भाग लेबलने व्यापावा असं होतं, ते अंतिम नियमात काढलं. कॅलिफोर्नियाची पाटी ज्याने बुडाली ती चूक टळली, हे चांगलं झालं. माझा आक्षेप ३ तासांवर आहे. आदेश कोर्टाचा असेल तर एक वेळ ठीक. पण तो एखाद्या खात्याच्या अधिकाऱ्याचाही असू शकतो, आणि ३ तासांत कोणतीही कंपनी ‘हे विडंबन आहे का’ याचा विचार करत बसणार नाही. काढून मोकळी होईल. सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून असे आदेश जातात, त्याविरुद्ध एक्स (आधीचं ट्विटर) कंपनी कर्नाटक हायकोर्टात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ ला हरली. म्हणजे हा रस्ता आज मोकळा आहे.

आपल्या गावातलं बघा. गेल्या वर्षी इंदूरच्याच एका व्यंगचित्रकारावर गुन्हा दाखल झाला, २०२१ च्या जुन्या चित्रावरून. हाताने काढलेलं चित्र, एआय कुठेच नाही. हायकोर्टाच्या आपल्या इंदूर खंडपीठाने जुलैच्या सुरुवातीला अटकपूर्व जामीन नाकारला, १५ जुलैला सुप्रीम कोर्टाने अंतरिम संरक्षण दिलं. चित्र आवडो न आवडो, एका चित्रासाठी माणसाला दिल्ली गाठावी लागली. हातात हे असताना आणखी रुंद कायदा मागताना माझा जीव कचरतो.

---

पलासिया_ते_सॅनहोजे

एक राहून गेलं. मिनेसोटामध्येही असाच कायदा आहे, २०२३ चा. तिथेही कोल्स गेला. कायद्याच्या बाजूने सरकारने स्टॅनफर्डच्या एका नामांकित प्राध्यापकांचं प्रतिज्ञापत्र दिलं. खोट्या माहितीवरचे ते तज्ज्ञ. त्यात जे शोधनिबंध दाखवले होते त्यातले काही अस्तित्वातच नव्हते, एआयने रचलेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ते प्रतिज्ञापत्र बाजूला ठेवलं. तरी कायद्याला स्थगिती त्यांनी दिली नाही. एप्रिलमध्ये एक्सनेही त्या कायद्याला आव्हान दिलं.

तज्ज्ञाच्या हातून असं होतं, तर ‘खरं काय ते आमचा कक्ष सांगेल’ यावर किती विसंबायचं, तुम्हीच बघा.

---

ग्वाल्हेरची_लेक

सगळं वाचलं. मेधाताई, तुमचं पटतं, आणि तरी त्या रात्री मला तुम्ही हव्या होतात, कायद्याचं पुस्तक नको होतं. मला काय हवं आहे ते सांगते. त्या रात्री एक माणूस हवा होता, न्यायाधीश म्हणा, ज्याच्याकडे जाऊन म्हणता आलं असतं की हा आवाज जोडलेला आहे, मूळ दोन रेकॉर्डिंग ही घ्या. आणि त्याने सकाळी सातच्या आधी सांगितलं असतं. मजकूर काढायचा की नाही ते नंतर बघा. ‘हे तिने म्हटलेलं नाही’ एवढं एक वाक्य सही-शिक्क्यानिशी मिळालं असतं, तर मी ते छापून त्या आजींच्या दारात गेले असते.

---

ॲड_मेधा_इंदूर

ताई, तुम्ही म्हणता तसाच कायदा मला हवा आहे. अगदी अरुंद. उमेदवाराचा चेहरा किंवा आवाज, तो बोलला नाही ते बोलला असं भासवून, जाणूनबुजून, मतदानाच्या तोंडावर. बनवायला एआय वापरलं की कात्री, याने फरक पडू नये. तक्रार त्याच उमेदवाराने करायची, खात्याने नाही. निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्यात रात्रीही बसणारा एक न्यायिक अधिकारी, आणि त्याचा आदेश लेखी, कारणांसकट, म्हणजे दुसऱ्या दिवशी आव्हान देता येईल. मतदानाची तारीख, जागा, पद्धत याबद्दलचं खोटं यात हवंच. बायडेनच्या आवाजातला तो फोन यात बसतो, सुरेशकाकांचं गणपतीला पत्र बसत नाही.

निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना सांगितलं होतं की डीपफेक लक्षात आल्यापासून ३ तासांत तुमच्या खात्यांवरून काढा. ते पक्षांपुरतं होतं, म्हणून मला चाललं. पक्षाकडे वकील असतात. मांडवातल्या माणसाकडे नसतात.

---

खान_नदीकाठ

रात्रीचा न्यायाधीश हे मला पटलं. बाकी कोल्सचा व्हिडिओ मला अजूनही फसवणूकच वाटते. पण सुरेशरावांचं वाचल्यावर ‘पूर्ण बंद’ हा शब्द मी मागे घेतो.

---

सुरेश_राजेंद्रनगर

रामबागकर, तुमच्या आईंचं वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. ‘दुसऱ्याचं तोंड कशाला लावतात.’ आम्ही जुने लोक मशीन नसताना हेच पाळायचो. नेत्याच्या आवाजात दोन वाक्यं झाली की तिसरं स्वतःच्या आवाजात, मग पुन्हा त्याचं. लोक टाळ्या त्या बदलाला द्यायचे. एआयवर गेलो आणि ते सुटलं.

काल पुतण्याला बसवलं. तेच पत्र पुन्हा केलं, एआय नाही, माझा घसा. दर आठ-दहा सेकंदांनी माझा आवाज मध्ये येतो, ‘देवा, हे मी सुरेश बोलतोय, ते नाही.’ आता कापायचं म्हटलं तरी सलग तुकडा सापडणार नाही. मंडळाला अजून विचारलेलं नाही. तुम्ही दोघं याल का बरोबर?

---

रामबागकर

येतो. रविवारी सकाळी मंडळाची बैठक आहे, पोहे खाऊन दहाला निघू. आईला क्लिप ऐकवली. तिने फोन कानाला लावला, एकदाच ऐकली, आणि म्हणाली, “हा आपला सुरेश.” वही मागितली नाही.